सामाईक पाणी, एकट्याची मोटार

फेब्रुवारी उजाडला की गावोगाव बोअरच्या गाड्या फिरू लागतात. एकाने दोनशे फूट घेतले की शेजारी तीनशे घेतो. मग पहिला म्हणतो, "आता मागं कसं राहायचं?" आणि पुन्हा गाडी बोलावतो. दोघांचेही पैसे जातात, पाणी मात्र तेवढेच राहते. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भाग बेसाल्टचा, म्हणजे काळ्या कातळाचा आहे. या कातळाच्या भेगांत आणि मुरमाच्या थरात पाणी साठते. सातबारा वेगळा असला तरी खालची भेग एकच असते, हे आपण सोयीने विसरतो.

माणूस असा का वागतो? या प्रश्नाचा विचार जगातल्या मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी केला आहे. गॅरेट हार्डिन या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने १९६८ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक लेख लिहिला. त्यात उदाहरण गायरानाचे होते. गायरान सगळ्यांचे, गुरे मात्र ज्याची त्याची. एक जनावर वाढवले तर फायदा सगळा मालकाचा, आणि गवताचा तोटा मात्र साऱ्या गावात वाटला जातो. म्हणून जो तो एक जनावर वाढवतो आणि शेवटी गायरान उजाड होते. हार्डिनच्या मते यावर दोनच उपाय होते. एक तर सरकारने ताबा घ्यावा, नाही तर जमीन वाटून खासगी करावी.

हा विचार जगभर गाजला. पण एका बाईने तो तपासून बघायचे ठरवले.

ऑस्ट्रॉमबाईंनी काय पाहिले?

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९६० च्या दशकात डॉक्टरेटसाठी लॉस एंजेलिसजवळच्या भूजलाचा अभ्यास केला. तिथे उपसा इतका झाला होता, की समुद्राचे खारे पाणी जमिनीखालून आत घुसत होते. पण उपसा करणारेच एकत्र बसले, कोर्टापुढे तडजोड केली, प्रत्येकाचा उपसा कमी करून मोजायला लावला आणि देखरेखीला माणूस नेमला. म्हणजे माणसे ठरवून थांबू शकतात.

पुढे त्यांनी देशोदेशीची उदाहरणे गोळा केली. स्वित्झर्लंडमधल्या टोर्बेल गावात १५१७ सालापासून नियम आहे, की हिवाळ्यात घरच्या चाऱ्यावर जेवढ्या गाई जगवता येतील तेवढ्याच उन्हाळ्यात सामाईक डोंगरावर सोडायच्या. जास्त सोडल्या तर दंड, आणि दंडातला निम्मा वाटा देखरेख करणाऱ्याला. स्पेनमधल्या वॅलेन्सिया शहरात दर गुरुवारी चर्चच्या दारात शेतकऱ्यांचे पाणी-न्यायालय भरते. तिथे वकील नाही. तोंडी तक्रार आणि जागच्या जागी निकाल. या अभ्यासाचे पुस्तक १९९० साली आले. २००९ साली ऑस्ट्रॉमबाईंना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. या विषयात ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला.

"तो देईल तर मी देईन"

झुरिच विद्यापीठात फेर आणि गेख्टर या संशोधकांनी एक खेळ मांडला. प्रत्येकाला थोडे पैसे दिले. हवे तर सामाईक पेटीत टाका. पेटीतली रक्कम वाढवून सगळ्यांना सारखी वाटली जाईल, न टाकणाऱ्यालासुद्धा. सुरुवातीला लोक बऱ्यापैकी टाकत. पण एखादा फुकट्या दिसला की बाकीचेही हात आखडू लागले, आणि शेवटी पेटी जवळजवळ रिकामी झाली. मग फुकट्याला दंड करण्याची सोय दिली, तेव्हा वर्गणी पुन्हा वाढली. बहुतेक माणसे लबाड नसतात. ती शेजाऱ्याकडे बघून वागतात, एवढाच याचा अर्थ.

आपल्याकडे हे नवे नाही

धुळे-नाशिककडची फड पद्धत शेकडो वर्षांची आहे. पांझरा, मोसम या नद्यांवर बंधारे, तिथून पाट, आणि पाटाखालच्या रानाचे फड. एका फडात सगळ्यांचे एकच पीक. पाणी पाटकरी देणार, शेतकऱ्याने स्वतः बारे फोडायचे नाही. पाणी कमी असेल त्या वर्षी काही फड कोरडवाहू ठेवायचे, हेही सगळ्यांनी मिळून ठरवायचे.

अलीकडचे उदाहरण अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचे. पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने १९८९-९० पासून तिथे काम उभे राहिले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी झाली, पाणलोटाची कामे झाली. पण पुष्कळ गावांत पाणी अडले आणि दोन वर्षांत उपसून संपले. हिवरे बाजारने पुढचे पाऊल टाकले. शेतीसाठी बोअर नाही, उसाला-केळीला बंदी, आणि पाऊस मोजून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद. पाऊस कमी तर पीकही त्या हिशोबाचे.

कायदा नाही असे नाही. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यात शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला, म्हणजे बोअरलाही, मनाई आहे. पण रात्री बाराला चालणारी बोअरगाडी मुंबईहून कोण बघणार? ती शेजाऱ्यालाच दिसते. ऑस्ट्रॉमबाईंचेही सांगणे हेच, की नियम वापरणाऱ्यांनी मिळून करावा, देखरेख गावातल्यानेच करावी, पहिल्या चुकीला समज द्यावी नि पुढे दंड वाढवत न्यावा, आणि सरकारने गावाच्या नियमाला मान द्यावा.

तेव्हा सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी येत्या ऑक्टोबरच्या ग्रामसभेत एवढे तरी करावे. गावातल्या विहिरी-बोअर मोजाव्यात, पावसाचा आकडा आणि चार-पाच विहिरींची पातळी फळ्यावर लिहावी. रब्बीला काय पेरायचे हे आकडे बघून बोलावे. शेजारी थांबलेला दिसला की आपणही थांबतो. गाव करील ते राव काय करील, हे आपल्या वाडवडिलांना नोबेलच्या आधीच कळले होते.