खिळे जुळविणारे हात

पुस्तक हातीं आलें कीं वाचक प्रथम लेखकाचें नांव पाहतो. ज्याच्या अंगीं थोडा अधिक चौकसपणा असतो तो प्रकाशकाचेंही नांव पाहतो. मुद्रकाचें नांव कोठें तरी पानाच्या तळाशीं बारीक अक्षरांत असतें. तें वाचण्याची तसदी सहसा कोणी घेत नाहीं. परंतु त्या पुस्तकांतील प्रत्येक काना आणि प्रत्येक मात्रा ज्याच्या बोटांतून गेली, त्या जुळाऱ्याचें नांव खिळ्यांच्या छपाईच्या काळांत कोठेंच नसे. ब्रिटिश हिंदुस्थानांत १८६७ सालीं जो कायदा झाला त्यानें पुस्तकावर मुद्रकाचें व प्रकाशकाचें नांव छापणें सक्तीचें केलें. त्यांत हेतु गौरवाचा नव्हता. मजकुराबद्दल कोणाला तरी जबाबदार धरतां यावें, एवढाच होता. जुळारी, मुद्रितशोधक, यंत्र चालविणारा आणि बांधणी करणारा हीं माणसें जबाबदारीच्या यादींत नव्हतीं, म्हणून श्रेयाच्या यादींतही तीं आलीं नाहींत. प्रकाशनाच्या धंद्यांतील नोकरी म्हणजे काय हें समजून घ्यावयाचें तर या बिननांवाच्या माणसांकडेच पाहिलें पाहिजे.

वास्तविक मराठी मुद्रणाचा इतिहास मजुरांच्या हातांनींच घडला आहे. निर्णयसागर छापखान्याचे संस्थापक जावजी दादाजी यांचा जन्म १८३९ सालचा. घरच्या गरिबीमुळें ते लहान वयांतच मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत मजुरीला लागले आणि तेथेंच खिळे पाडण्याची कला शिकले. पुढें १८६४ सालीं त्यांनीं स्वतःचा खिळ्यांचा कारखाना काढला व १८६९ सालीं छापखाना. या उत्कर्षाची कथा मराठी घरांतून कौतुकानें सांगितली गेली, आणि तें योग्यच झालें. पण निर्णयसागरच्या सुबक वळणांमागें ज्यांची छिन्नी होती त्या राणोजी रावजी आरू यांचें नांव किती घरांना ठाऊक आहे? त्या छापखान्याचीं संस्कृत पुस्तकें शुद्धतेबद्दल नांवाजलीं. तीं शुद्ध करण्यांत काशिनाथ पांडुरंग परब यांच्यासारख्या पंडितांचे डोळे खर्ची पडले. मजुराचा मालक झालेला एखादा जावजी सर्वांना दिसतो. जे मजूरच राहिले, पण ज्यांच्यावांचून मालकाचें कांहींच चाललें नसतें, ते दिसत नाहींत.

परभणीकडील स्थिति मुंबईहून अगदीं निराळी होती. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू असल्यामुळें कचेऱ्यांचें छापकाम मराठी खिळ्यांच्या वांट्याला येत नसे, आणि वृत्तपत्रांवर सरकारची करडी नजर असे. हैदराबादेहून १९२० पासून लक्ष्मणराव फाटक यांचें ‘निजाम विजय’ निघे. पुढें आ. कृ. वाघमारे यांनीं ‘मराठवाडा’ काढलें; त्यावर बंदी आली कीं तेंच पत्र दुसरें नांव धारण करून पुन्हां बाहेर पडे. अशा पत्राच्या छपाईंत राबणाऱ्याच्या नशिबीं नेहमींच्या कष्टांखेरीज आणखी एक अनिश्चितता असे. आज जुळविलेला अंक वाचकाच्या हातीं पोहोंचेल कीं नाहीं, आणि पुढच्या महिन्यांत काम तरी राहील कीं नाहीं, हें त्याला सांगतां येत नसे.

लेखकाची अवस्थाही फारशी निराळी नव्हती. परभणीचे बी. रघुनाथ हे मराठवाड्याचे थोर कवि आणि कादंबरीकार. त्यांचा चरितार्थ मात्र बांधकाम खात्यांतील कारकुनीवर चाले, आणि ७ सप्टेंबर १९५३ रोजीं वयाच्या चाळिसाव्या वर्षीं कचेरींत काम करीत असतांनाच त्यांना मृत्यूनें गांठलें. ज्या समाजांत एवढ्या लेखकालाही लेखणीवर पोट भरतां येत नव्हतें, तेथें त्याचीं अक्षरें जुळविणाऱ्याच्या पगाराची काय कथा!

१९४८ नंतर मराठी शाळा वाढल्या, कचेऱ्यांत मराठी आली, आणि छापकामाची गरज तालुक्या-तालुक्याला भासूं लागली. शाळांच्या प्रश्नपत्रिका, कापसाच्या अडतीच्या पावत्या, लग्नपत्रिका, यात्रेचीं हस्तपत्रकें, निवडणुकीचे जाहीरनामे आणि एखादें साप्ताहिक, एवढ्यावर लहान गांवचा छापखाना चाले. मोठ्या शहरांत जुळारी वेगळा, यंत्रावरचा माणूस वेगळा, बांधणारा वेगळा. लहान गांवीं ही वांटणी परवडत नसे. सकाळीं जो खिळे जुळवी तोच दुपारीं पायानें ट्रेडल यंत्र चालवी आणि संध्याकाळीं गठ्ठे बांधी. लग्नसराईंत त्याला रात्र पुरत नसे आणि पावसाळ्यांत काम पुरत नसे.

हें काम कसें चाले तें आज पुष्कळांना कल्पनेनेंच जाणावें लागेल. रोमन लिपीचें काम शे-दीडशे खिळ्यांत भागतें. देवनागरीचीं जोडाक्षरें, मात्रा, उकार आणि रफार जमेस धरले म्हणजे ही संख्या कित्येक शेंकड्यांवर जाते. लोकमान्य टिळकांनीं ‘केसरी’साठीं खिळ्यांची संख्या कमी करण्याची खटपट केली ती याच अडचणीमुळें. जुळाऱ्यासमोर लांकडी केस तिरकी मांडलेली असे. तिच्यांत शेंकडों लहान खण. कोणत्या खणांत कोणतें अक्षर हें डोळ्यांना नव्हे, बोटांना पाठ असावें लागे. हातांतील स्टिकमध्यें अक्षर उलटें बसवावयाचें आणि उलटेंच वाचावयाचें. ओळ सैल राहिली तर छापतांना खिळे निसटत, म्हणून शब्दांमधील जागा कमीजास्त करून ती नेमकी आवळावी लागे. एका पानांत हजार-दोन हजार खिळे सहज बसत. पान छापून झालें कीं तेवढेच खिळे धुऊन, एकेक ओळखून, पुन्हां आपापल्या खणांत टाकावयाचे. खिळ्यांचा सांठा बेताचा असल्यामुळें पहिलीं पानें सोडल्याशिवाय पुढचीं जुळवितां येत नसत. लेखकाचें पुस्तक कायमचें उभें राही; जुळाऱ्यानें उभारलेलें पान मात्र त्यालाच आपल्या हातांनीं मोडावें लागे.

चुकीचा प्रश्न याहून नाजूक होता. ‘ध’चा ‘मा’ होऊन एका पेशव्याचा जीव गेल्याची आख्यायिका महाराष्ट्राला पाठ आहे. छापखान्यांत असा बदल व्हावयास कपट लागत नाहीं. शेजारच्या खणांतला एक खिळा पुरतो. खिळे सोडणाऱ्यानें एखादें अक्षर भलत्याच खणांत टाकलें तर तें चार दिवसांनीं दुसऱ्याच मजकुरांत उगवे. मुद्रितशोधकाची नोकरी यासाठींच असे. त्यानें शंभर चुका दुरुस्त केल्या तर त्या कोणाला दिसत नाहींत. एक राहिली तर ती सर्वांना दिसते. बरें काम म्हणजे न दिसणारें काम, असा हा विलक्षण धंदा आहे.

शरीरावर होणारा परिणाम तर वाचकाच्या स्वप्नींही नसे. खिळ्यांची धातु म्हणजे मुख्यतः शिसें, आणि त्यांत अँटिमनी व कथील. शिशाची धूळ बोटांवाटे आणि अन्नावाटे पोटांत जाते. पोटदुखी, रक्तक्षय आणि मनगटांतील दुर्बलता हीं शिशाच्या विषबाधेचीं जुनीं लक्षणें होत. १९४८ च्या कारखान्यांच्या कायद्यानें ही विषबाधा सरकारला कळविण्याजोग्या रोगांत घातली. परंतु यंत्रशक्ति वापरणाऱ्या ठिकाणीं दहा कामगार असतील तरच त्यास कारखाना समजावयाचें, अशी त्या कायद्याची मूळची मर्यादा होती. तीन-चार माणसांचा तालुक्याचा छापखाना तिच्या बाहेरच राहिला. जेवणापूर्वीं हात साबणानें धुवावे, ही शिकवण तेथें कायद्यानें नव्हे, एखाद्या शहाण्या वडीलधाऱ्या जुळाऱ्यानेंच दिली तर मिळे.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत ऑफसेट छपाई आणि संगणकावरील अक्षरजुळणी आली. शिसें गेलें, उलटें वाचणें गेलें, कमरेचें दुखणेंही कमी झालें. याबद्दल खेद मानण्याचें कारण नाहीं. पण खिळ्यांबरोबर जुळाऱ्याच्या बोटांतील वीस-पंचवीस वर्षांचें ज्ञानही भंगारांत निघालें. कांहीं जण कळफलक शिकले. ज्यांचें वय उलटलें होतें त्यांना दुसरा रोजगार पाहावा लागला. ज्यांनीं नवें यंत्र आत्मसात केलें त्यांच्यापाशीं एक भांडवल मात्र शाबूत राहिलें, आणि तें म्हणजे भाषेचें. ऱ्हस्व कोठें, दीर्घ कोठें, ओळ कोठें तोडावी आणि कोठें तोडूं नये, हें यंत्र आपण होऊन शिकवीत नाहीं.

१९९५ सालीं परभणीस अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलें, आणि अध्यक्षस्थानीं नारायण सुर्वे होते. गिरणींत राबलेल्या हातांना मराठीनें आपल्या सर्वांत मोठ्या व्यासपीठावर बसविलें, ही परभणीच्या भूमीवर घडलेली गोष्ट लहान नाहीं. पुस्तकें घडविणाऱ्या हातांना तो न्याय अद्याप अपुराच मिळाला आहे. आज पुष्कळ मराठी पुस्तकांच्या आरंभीं ‘अक्षरजुळणी’ म्हणून एक ओळ आढळते. कित्येकदां ‘मुद्रितशोधन’ हाही शब्द दिसतो. पण त्या ओळींत बहुधा एखाद्या संस्थेचें नांव असतें, माणसाचें क्वचित्. प्रकाशकांनीं तेथें माणसाचें नांव घालावें, यास खर्च येत नाहीं. सुशिक्षित घरांतूनही पुस्तक उघडल्यावर ती ओळ वाचण्याची संवय लागावी, आणि मुलांनाही ती वाचून दाखवावी. चुकीबद्दल ज्याला बोल लावावयाचा, त्याचें नांव बरोबर असलेल्या पानाबद्दलही ठाऊक असावें, हा साधा व्यवहार आहे.