वाकड्या पायाचं पिल्लू

ताडकळसच्या शिवारात एखाद्या आखाड्यावरचं पिल्लू फेंगड्या पायानं चालू लागलं, की 'जन्मताच असंय' म्हणून विषय संपतो. पण पहिली शंका खाण्यावर घ्यावी. नुसती भाकरी किंवा नुसतं बिनहाडाचं मटण खाणाऱ्या पिल्लाला कॅल्शियम कमी पडतं, हाडं मऊ राहून वाकतात. तिथे आधी आहार सुधारायचा, सुरीचं काम नाही. हाड खाण्यामुळे वाकलंय की जन्मजात, हा फरक एक्स-रेत कळतो.

खरी जन्मजात व्यंगं वेगळी. कधी पुढच्या पायातलं रेडियस हाड तयारच होत नाही आणि पंजा आत वळतो. मग उरलेलं अल्ना हाड मनगटाशी जोडून पाय टेकता येतो का, ते पाहतात. नाहीच जमलं तर पाय काढतात, आणि बाकीचे पाय धड असतील तर कुत्रं तिन्हींवरही मजेत पळतं. कधी पंजाच दुभंगलेला असतो; तो शिवून आणि हाडं जुळवून सांधतात.

सगळ्यात जास्त दिसणारा वाकडेपणा मात्र जन्मानंतरचा. अल्नाची सुमारे 85 टक्के लांबी तिच्या खालच्या टोकाजवळच्या वाढीच्या थरातून येते. कुत्र्यात हा थर शंकूच्या आकाराचा असतो. त्यामुळे पाय कसाही मुरगळला तरी तो चेंगरून वेळेआधी बंद पडू शकतो. काही जातींत हा दोष आनुवंशिकही असतो. अल्ना थांबते, शेजारचं रेडियस वाढतच राहतं. ताणलेल्या धनुष्यासारखं ते पुढे वाकतं आणि पंजा बाहेर फिरतो.

पिल्लू चार-पाच महिन्यांचं असेल तर उपाय सोपा आहे. अल्नाचा छोटा तुकडा काढून त्या फटीत त्याच कुत्र्याची चरबी भरतात, म्हणजे हाड पुन्हा सांधत नाही. धनुष्याची ही अल्नारूपी दोरी तुटल्यावर रेडियस उरलेल्या वाढीत बरंचसं आपोआप सरळ होतं. वाढ संपली, की रेडियसच कापून प्लेट-स्क्रूनं बसवावं लागतं. पाय फारच आखूड राहिला असेल तर सायबेरियातल्या कुर्गानचे डॉक्टर इलिझारोव यांची, पायाभोवती बसवून तारांनी हाडाला जोडायची कडी: नट फिरवून कापलेली टोकं दिवसाला साधारण 1 मिलिमीटर दूर सारायची, मधल्या फटीत नवं हाड येतं. इलिझारोव यांनी या पद्धतीचे प्रयोग कुत्र्यांवरच केले होते, हे विसरू नये.

पण कडीतल्या तारा रोज स्वच्छ ठेवाव्या लागतात, नट वेळच्या वेळी फिरवावे लागतात. काळ्या मातीत लोळणाऱ्या राखणीच्या कुत्र्याबाबत हे कोण करणार? म्हणून पाय वाकताना दिसला, की परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात पिल्लाला त्याच आठवड्यात न्यावं, सुगी उरकायची वाट पाहू नये.