आखणीशिवाय घडलेलं संगणन

इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठात 1996 साली एड्रियन थॉम्पसन यांनी एका चिपला साधंच काम दिलं: 1 किलोहर्ट्झ आणि 10 किलोहर्ट्झ हे दोन सूर वेगळे ओळखायचे. मंडल मात्र कोणी आखलं नाही. चिपमधल्या शंभर घटकांची जोडणी संगणकाने वाटेल तशी करायची, त्यातली बरी निघेल ती ठेवायची, तिच्यात फेरफार करून पुन्हा तपासायची, म्हणजे उत्क्रांतीचीच पद्धत. हजारो पिढ्यांनंतर उत्तर चोख येऊ लागलं. मंडल उलगडून पाहिलं तर काही घटक बाकीच्यांना जोडलेलेच नव्हते. तरी ते बंद केले की काम बिघडायचं! तेच मंडल चिपच्या दुसऱ्या भागात हलवलं तर तिथे ते नीट चालेना. उत्क्रांतीने त्या विशिष्ट सिलिकॉनच्या तुकड्याचे बारीकसारीक गुणच कामाला लावले होते.

या कल्पनेची मुळं त्याही आधीची आहेत. 1950 च्या दशकात गॉर्डन पास्क यांनी लोहक्षाराच्या द्रावणात धातूचे धागे वाढवून सूर ओळखणारा ‘कान’ घडवला होता. पण पुढची दिशा मिळाली ती थॉम्पसन यांच्या चिपमुळे. 2002 मध्ये ज्युलियन मिलर आणि कीथ डाउनिंग यांनी विचारलं, पदार्थच गणित करणार असेल तर सिलिकॉनची चिपच कशाला हवी? दोनच वर्षांत मिलर आणि सायमन हार्डिंग यांनी द्रवस्फटिकाच्या पडद्याकडून सूर ओळखून घेतले.

याच दिशेने 2012 साली युरोपात ‘नॅसेन्स’ प्रकल्प सुरू झाला. त्यात इंग्लंडमधल्या डरहॅम विद्यापीठात पॉलिमरमध्ये कालवलेल्या कार्बनच्या नॅनोनळ्या वापरल्या गेल्या. या नळ्यांतल्या काही धातूसारख्या वागतात, काही अर्धवाहकासारख्या. नेहमीच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये ही सरमिसळ डोकेदुखी ठरते; इथे तीच भांडवल झाली.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा 2015 चा प्रयोग. आठ इलेक्ट्रोडांच्या मधोमध सुमारे 20 नॅनोमीटरचे सोन्याचे कण, कसेही पडलेले. तापमान 5 केल्विनच्या खाली गेलं की कणावर एकेक इलेक्ट्रॉन चढवायला लागणारी ऊर्जा नुसत्या उष्णतेतून मिळेनाशी होते, आणि प्रत्येक कण एका इलेक्ट्रॉनचा स्विच बनतो. दोन इलेक्ट्रोडांतून इनपुट, एकातून आउटपुट, उरलेल्यांवर नियंत्रणाचं व्होल्टेज. ही व्होल्टेजं उत्क्रांतीच्या पद्धतीने शोधत गेल्यावर तेच जाळं कधी ‘अँड’ तर्कद्वार झालं, कधी ‘ऑर’, कधी ‘एक्सऑर’. कण जागचे हलले नाहीत, बदलली ती फक्त व्होल्टेजं.

एवढी थंडी मात्र प्रयोगशाळेबाहेर परवडणारी नाही. त्याच गटाने 2020 मध्ये सिलिकॉनमधले बोरॉनचे अणू घेतले आणि तर्कद्वारं खोलीच्या तापमानापर्यंत आणली. तिढा उरतो तो थॉम्पसन यांच्या चिपचाच: कणांची किंवा अणूंची मांडणी दर तुकड्यात निराळी, त्यामुळे एका तुकड्यावर सापडलेली व्होल्टेजं दुसऱ्याला लागू पडत नाहीत आणि प्रत्येक तुकड्यासाठी शोध नव्याने मांडावा लागतो.