झाडे रुजली, पण माती जागी झाली का?

रेवदंड्यात हा प्रश्न का?

रेवदंडा कुंडलिकेच्या मुखाशी वसले आहे. नदीच्या वरच्या अंगाला रोह्याजवळ धाटावची औद्योगिक वसाहत, तर खाडीपलीकडे साळावचा स्पंज लोखंडाचा कारखाना. अशा पट्ट्यात औद्योगिक कचऱ्याखालची जमीन सुधारली असे कोणी सांगितले, तर पुरावा कोणता मागायचा? हिरवळ पुरेशी नाही. विलायती बाभूळ निकृष्ट मातीतही तग धरते. पाला कुजवणे, नत्र धरणे, मुळांना स्फुरद मिळवून देणे ही कामे मातीतले जीवाणू आणि बुरशी करतात. ती पुन्हा सुरू झाली का, हे तपासायला हवे.

खापरखेड्याची राख

नागपूरच्या 'नीरी' या पर्यावरण संशोधन संस्थेतील आशा जुवारकर व सहकाऱ्यांनी खापरखेडा औष्णिक केंद्राच्या राखेवर हेच मोजले. दहा हेक्टरांवर हेक्टरी ५० टन शेणखत घातले, जीवाणूखते आणि मुळांशी नाते जोडणारी बुरशी दिली, बांबूसारखी झाडे लावली. २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सुरुवातीला राखेत उपयुक्त जीवाणू जवळजवळ नव्हतेच. नंतर एका ग्रॅममध्ये रायझोबियम सुमारे ७ कोटी आणि अ‍ॅझोटोबॅक्टर ९ कोटी मिळाले. नत्र साडेचार पट झाले. शिसे, निकेल आणि तांब्याचा विषारीपणा जवळपास निम्मा झाला, कारण सेंद्रिय पदार्थांनी हे धातू बांधून ठेवले. धातू नाहीसे झाले नाहीत, म्हणून अशा जमिनीची तपासणी वर्षानुवर्षे चालू ठेवावी लागते.

मोजतात कसे?

नुसती जीवाणूंची संख्या पुरत नाही, त्यांचे काम मोजावे लागते. बंद बाटलीत ओलसर माती आणि अल्कलीची कुपी ठेवतात. मातीने श्वसनातून सोडलेला कार्बन डायऑक्साइड अल्कली शोषते. डीहायड्रोजनेज विकराच्या चाचणीत टीटीसी हे रंगहीन रसायन लाल होते. लाली जितकी गडद, तितकी जीवाणूंची सक्रियता जास्त.

आकडा फसवतो कुठे?

श्वसन वाढले म्हणजे माती सुधारली, असे घाईने म्हणू नये. विषारी धातूंच्या ताणाखालचे जीवाणू स्वतःच्या वजनाच्या मानाने अधिक श्वसन करतात, कारण त्यांची ऊर्जा वाढीपेक्षा जगण्यावरच खर्च होते. ताज्या शेणखतानेही काही आठवडे आकडा फुगतो. म्हणून श्वसनाबरोबर जीवाणूंचे एकूण वस्तुमानही मोजलेच पाहिजे.

किनाऱ्यावर आणखी एक अडचण येते, ती खाऱ्या पाण्याची. मीठही जीवाणूंना मंद करते आणि पावसाळ्यात ते धुऊन जाते. त्यामुळे दरवर्षी नमुना एकाच हंगामात, एकाच खोलीवरून घ्यावा. नारळ-सुपारीच्या वाडीची गोडी माती तुलनेला धरली, तर खाजणातली, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या पट्ट्यातली, चांगली सुधारलेली जमीनही नापास ठरेल. तिच्या तुलनेला शेजारचे, कचरा न पडलेले खाजणच घ्यायला हवे.