गरिबाचा डेक, अंबराचा कावा

मेंढीकोट आणि रमीत सगळे एकाच कॅटमधून खेळतात. 'मॅजिक: द गॅदरिंग'मध्ये तसं नाही. रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने १९९३ मध्ये आणलेल्या या खेळात प्रत्येकजण हजारो पानांतून आपली ६० पानं निवडून येतो. साध्या जमिनी सोडल्या तर एका नावाची जास्तीत जास्त ४ पानं चालतात. दोघांकडे २०-२० प्राण असतात. समोरच्याचे शून्यावर आणले की डाव तुमचा.

घोडं अडतं ते पैशापाशी. दुर्मिळ पानांच्या किमती ऐकून मेसचं बिल स्वस्त वाटू लागतं! यावर उतारा म्हणजे 'पॉपर' प्रकार. यात फक्त 'कॉमन' म्हणून निघालेलीच पानं चालतात. २०१९ पासून कंपनीनेही त्याला अधिकृत मान्यता दिली आहे.

कंट्रोल म्हणजे काय?

काही डेक पहिल्या पाळीपासून धावत सुटतात. कंट्रोल डेक घाई करत नाही. समोरच्याचं प्रत्येक काम मोडायचं, आपल्या हातात त्याच्यापेक्षा जास्त पानं ठेवायची आणि तो दमला की शेवटी मारायचं. म्हणून एकच कसोटी लावा: माझं एक पान त्याच्या दोन पानांचं काम करतं का?

बांधणी

रंग एकच घ्या, काळा. दोन रंग घेतले की दोन्ही रंग देणाऱ्या चांगल्या जमिनी लागतात आणि खिसा तिथेच फाटतो. २४ साध्या 'स्वॅम्प' जमिनी घ्या. पुढची पानं प्रत्येकी ४:

चिटरिंग रॅट्स – समोरच्याला हातातलं एक पान गड्डीवर ठेवायला लावतो. पुढच्या पाळीला तेच पान परत येतं, नवीन काही मिळत नाही.
फायरेक्शियन रेजर – १ प्राण घेतो, १ पान देतो.
साइन इन ब्लड – २ प्राण घेऊन २ पानं.
चेनर्स ईडिक्ट – समोरच्याला आपलाच एक प्राणी बळी द्यावा लागतो. नंतर जास्त किंमत मोजून हेच पान पुन्हा वापरता येतं.
क्रिप्ट रॅट्स – सहा जमिनी असतील तर तीन उंदीर उतरवायला, उरलेल्या तिनांत टेबलावरच्या प्रत्येक प्राण्याला ३ घाव. मात्र ३ घाव दोन्ही खेळाडूंनाही बसतात!
ग्रे मर्चंट – टेबलावरच्या आपल्या पानांच्या किमतीत जितकी काळी चिन्हं, तितके प्राण त्याचे जातात आणि आपल्याला मिळतात. चिटरिंग रॅट्स आधी असेल तर २ + २ = ४.

उरलेली १२ पानं एकेक प्राणी मारणारी स्वस्त पानं.

थोडं एम-थ्री

६० मध्ये एखादं पान ४ वेळा असेल तर पहिल्या ७ पानांत ते निदान एकदा येण्याची शक्यता जवळपास ४० टक्के. आपण आधी खेळत असू तर चौथ्या पाळीपर्यंत १० पानं दिसतात, तेव्हा ती ५३ टक्क्यांच्या आसपास जाते. २४ जमिनी असतील तर त्या १० पानांत सरासरी ४ जमिनी येतात. म्हणूनच एका हुकमी पानावर डाव लावू नका, एकाच कामाची पानं भरपूर ठेवा.

खेळताना

शहागंजात खरेदीला जाणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको: पहिल्याच दुकानात पाकीट रिकामं केलं की पुढच्या दुकानासमोर नुसतं बघत उभं राहावं लागतं. समोरच्याच्या पहिल्या किरकोळ प्राण्यावर चांगलं पान खर्चू नका. दोन-चार घाव सोसा. प्राण हेही भांडवलच आहे, शेवटचा १ राहिला तरी तुम्ही जिवंत आहात. तो तीन-चार प्राणी उतरवेपर्यंत थांबा, मग क्रिप्ट रॅट्स. मात्र आपले प्राण आधी मोजा.

हा कावा आपल्या शहराला नवा नाही. १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, वसवणाऱ्या मलिक अंबरने १६२४ मध्ये भातवडीला मोगल आणि विजापूरच्या एकत्रित फौजेला असंच जेरीस आणलं. तलावाचा बांध फोडून त्याने रानात चिखल केला, रसद तोडली, रात्री छापे घातले आणि शत्रू थकल्यावरच खरा घाव घातला. त्याच्याकडे महागडी पानं नव्हती, वेळ मात्र त्याने आपल्या बाजूला वळवला.

खरी पानं घेण्याआधी डेक तपासायचा असेल तर जुना पत्त्यांचा कॅट घ्या, कागदाच्या चिठ्ठ्यांवर नावं लिहा आणि पत्त्यासोबत प्लास्टिकच्या कव्हरमध्ये सरकवा. अधिकृत स्पर्धेत हे चालत नाही, पण रूमवर कोण विचारतो? निदान वीस डाव खेळा, जी पानं हातात नुसती पडून राहतात ती काढा आणि मगच खिशात हात घाला.