चित्रातली अक्षरं

प्रेसवाले काका आता पंच्याहत्तरीला आलेत. खिळे जुळवण्यापासून ऑफसेटपर्यंतची छपाई त्यांच्या हातून गेली आहे. आमच्या स्टुडिओची पहिली पत्रिका त्यांनीच छापली. एका दुपारी त्यांनी मोबाइलवर आमची वेबसाइट उघडली, दोन बोटांनी मजकूर मोठा करायला गेले आणि अक्षरं धुरकट झाली. ‘‘अरे, हे तर चित्र आहे,’’ ते म्हणाले, ‘‘वाचायचं कसं?’’

पुस्तकांची मुखपृष्ठं, नाटकांच्या जाहिराती, लग्नपत्रिका: पुण्यातल्या आम्हा चौघांचं पोट मराठी अक्षरांवर चालतं. वेबसाइट मात्र इंग्रजीत होती. जिथे मराठी होतं, तिथे त्याचं चित्र करून चिकटवलेलं. ती बांधली तेव्हा, 2012 च्या सुमारास, बऱ्याच फोनवर जोडाक्षरं तुटून दिसायची, म्हणून तो मार्ग काढला होता. फोन सुधारले, आमची चित्रं तशीच राहिली. काकांच्या त्या प्रश्नानंतर आम्ही वेबसाइट आणि स्टुडिओची ओळख दोन्ही नव्याने करायला घेतली.

पहिला आठवडा निवडण्यात गेला. जुनी सगळी कामं छापून जमिनीवर मांडली. ‘असं काम पुन्हा आलं तर आनंदाने करू का?’ एवढाच प्रश्न विचारत एकेक कागद उचलला. चौसष्टांतली अठरा उरली. त्या अठरांत चकचकीत काही नव्हतं. प्रत्येकात नाव हातानं लिहिलेलं होतं. आमची ओळख जमिनीवरच पडलेली सापडली.

मग लोगो. जुन्या लोगोत पेन्सिल, ब्रश आणि रंगाचा शिंतोडा होता. ते सगळं काढून फक्त नाव ठेवायचं ठरलं. नावालाच चेहरा देण्याची रीत मराठीत मुरलेली आहे. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींत ती घरोघरी पोचवली. आमच्यातली ताई बोरूनं लिहिते. तिनं बटर पेपरवर नाव लिहायला घेतलं आणि चाळिसाव्या कागदाशी थांबली. तिच्या लिखाणात काना जाड आणि शिरोरेषा बारीक पडत होती. कागदावर ते देखणं दिसे. पण ब्राउझरच्या पट्टीवरच्या सोळा पिक्सेलच्या चौकोनात शिरोरेषाच नाहीशी होई. म्हणून तिनं छोट्या आकारासाठी पहिलं अक्षर वेगळं, जाड शिरोरेषेचं लिहिलं.

खरी मेहनत मजकुरात होती. इंग्रजी मथळ्याला मोकळेपणा यावा म्हणून अक्षरांत अंतर वाढवतात. तीच सूचना मराठी मथळ्याला लागू राहिली होती. शब्दाची शिरोरेषा जागोजागी तुटून अक्षरं सुटी लोंबत होती. ते अंतर शून्यावर आणलं आणि शब्द पुन्हा एकसंध झाला. ओळींमधलं अंतर मात्र वाढवावं लागलं, कारण वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडत होता.

पान लवकर उघडावं म्हणून फॉन्टची फाइल हलकी करायला गेलो आणि ‘पुस्तक’मधल्या ‘स’चा पाय मोडला. संगणकाच्या लेखी जोडाक्षर म्हणजे सुटी चिन्हं: ‘क्ष’ म्हणजे क, हलन्त आणि ष. ती जोडून एक आकार दाखवायचे नियम फॉन्टच्या आत असतात. आम्ही छाटणी करताना ते नियमच छाटले होते. ते परत घातले आणि वजन मोठ्या छायाचित्रांतून कमी केलं. मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसावा हा गूगलचा निकष आम्ही साध्या फोनवर तपासत राहिलो.

सगळ्यात लहान दुरुस्ती माझ्या मनात घर करून आहे. जुन्या पानाच्या आरंभी भाषा इंग्रजी अशी नोंद होती. तिथे मराठीचा ‘एमआर’ हा दोन अक्षरी संकेत लिहिला. आमच्या फॉन्टमध्ये मराठी वळणं होतीच. पान पुन्हा उघडलं आणि हिंदी वळणाचे ल आणि श जाऊन पाकळीचा ल आणि देठाचा श आला. राज्य शासनानं 2009 च्या निर्णयात मराठीसाठी हीच वळणं धरली आहेत. र. कृ. जोशींनी रेखलेला ‘मंगल’ विंडोज 2000 सोबत संगणकांवर आला, तेव्हापासून कितीजणांनी आपली लिपी यंत्राला शिकवली असेल! ती मेहनत आमच्या दारात थांबली होती, कारण आम्ही यंत्राला भाषाच सांगितली नव्हती.

शेवटी जुन्या पानांचे पत्ते एकेक करून नव्या पानांकडे वळवले, म्हणजे कुणी जपून ठेवलेला दुवा मेला, असं होऊ नये.

वेबसाइट सुरू केली त्या दिवशी काकांकडे गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, दोन बोटांनी मजकूर मोठा केला. अक्षरं वाढली आणि तशीच ठाशीव राहिली. ते एकेक ओळ बोट फिरवत वाचू लागले, पूर्वी प्रुफं वाचायचे तसे. एका मुखपृष्ठाखाली थांबले. ‘‘हे बघ, ‘कवि’ पडलंय. मराठीत शेवटचा दीर्घ.’’

मी तिथेच बसून वेलांटी बदलली. काकांनी पान पुन्हा उघडून ‘कवी’ पाहिलं आणि पुढची ओळ वाचायला घेतली.