संशयाची सुरुवात भिंतीपासून

मांडव्यापासून हरिहरेश्वरापर्यंतच्या रायगड किनाऱ्यावर गाण्याला विजेची साथ जुनीच आहे. कोळीवाड्यातल्या हळदीला बँजो पार्टी वाजते, गणपतीत मांडवावर कर्णे लागतात, आणि आता अलिबाग, नागाव, काशीदच्या रिसॉर्टांत शनिवार-रविवारी गिटार घेऊन गाणारी मुले असतात. यांतली बहुतेक यंत्रे ट्रान्झिस्टरवर चालतात. गिटारचा व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर त्यांत विरळा. कुणी हौसेने विकत घेतलेला, कुणाचा बोटीवर नोकरी करणाऱ्या भावाने परदेशातून आणलेला. विरळा असल्यामुळेच तो बंद पडला की त्याच्याबद्दल चुकीचा तर्क केला जातो. बटण दाबले, दिवा लागला नाही, की घरातला जाणकार म्हणतो, ‘व्हॉल्व्ह गेला असेल.’ काचेची ती नळी सगळ्यांत अपरिचित, म्हणून पहिला संशय तिच्यावर. माझे म्हणणे असे की या किनाऱ्यावर अजिबात चालू न होणाऱ्या ॲम्पची तपासणी व्हॉल्व्हपासून सुरू करणे हे तर्काच्या आणि हवामानाच्या, दोन्ही बाजूंनी चूक आहे. ती भिंतीतल्या सॉकेटपासून सुरू व्हावी आणि एकेक पायरी आत जावी.

तर्काची बाजू यंत्राच्या रचनेतच आहे. भिंतीतले २३० व्होल्ट कॉर्डमधून आत येतात, फ्यूज आणि स्विच ओलांडून पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरी वाइंडिंगला मिळतात. तिथून पुढे वाटा फुटतात. एक वाइंडिंग फिलामेंट तापवण्यासाठी ६.३ व्होल्ट देते, दुसऱ्यातून तीनशे ते पाचशे व्होल्टचा डीसी दाब तयार होतो. कुठे रेक्टिफायर व्हॉल्व्हसाठी ५ व्होल्टचे तिसरेही असते. व्हॉल्व्हची फिलामेंट ६.३ व्होल्टवर समांतर जोडलेली असतात, आणि पुष्कळ ॲम्पमध्ये पुढचा छोटा पायलट दिवाही त्याच ओळीवर असतो. समांतर जोडणीत एक ‘१२एएक्स७’ किंवा एक ‘ईएल३४’ विझला म्हणून बाकीचे विझत नाहीत आणि दिवाही जात नाही. तेव्हा दिवा काळा, सगळ्या नळ्या थंड, ट्रान्सफॉर्मरचा हलका गुणगुणाटही नाही, अशी अवस्था असेल तर खोट व्हॉल्व्हच्या अलीकडे आहे. उलट दिवा लागतो, नळ्या तांबूस होतात आणि फक्त आवाज येत नाही, तर तो दुखण्याचा वेगळाच प्रकार. दोन्हींची गल्लत झाली की चांगल्या व्हॉल्व्हचे पैसे फुकट जातात.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. आतून शॉर्ट झालेला पॉवर व्हॉल्व्ह किंवा रेक्टिफायर फ्यूज उडवतो, आणि फ्यूज उडाला की सगळेच मरते. म्हणजे दोषी शेवटी व्हॉल्व्हच निघू शकतो. खरे आहे. पण त्या वेळीही बोलका पुरावा फ्यूज असतो, आणि तो पाहिल्याशिवाय व्हॉल्व्ह बदलणारा माणूस साक्षीदाराला न विचारता निकाल देतो. फ्यूजची काच काळी किंवा चंदेरी झाली असेल तर ॲम्पच्या आत मोठा शॉर्ट आहे. तार मधोमध निमूट तुटली असेल तर जुनेपण किंवा थोडासा जादा भार संभवतो. काही ॲम्पमध्ये फ्यूज कॉर्डच्या खोबणीखालच्या इवल्या खणात असतो आणि तो कुणी उघडूनच पाहत नाही. तार शाबूत दिसली तरी फ्यूज मीटरवर तपासावाच, कारण टोपीखालचा सांधा डोळ्यांना दिसत नाही. उडालेल्या फ्यूजच्या जागी जाड तार गुंडाळण्याची आपल्याकडची सवय इथे फार महाग पडते. सावकाश उडणारा, मागच्या पट्टीवर छापलेल्या अँपिअरचाच फ्यूज हवा. तो वाचवतो तो ट्रान्सफॉर्मर, ॲम्पमधला सर्वांत महाग आणि मिळायला सर्वांत अवघड भाग.

आता हवामान. मीठ ७५ टक्क्यांच्या वरच्या सापेक्ष आर्द्रतेत हवेतले पाणी ओढून स्वतःच विरघळते. जून ते सप्टेंबर या किनाऱ्यावरची आर्द्रता बहुतेक वेळ त्या रेषेच्या वरच असते. वाऱ्याबरोबर आलेला खारा थर एरवी कोरडा, निरुपद्रवी असतो. पावसाळ्यात तोच ओला, वीज वाहून नेणारा होतो. मग प्लगच्या पितळी पिनांवर हिरवट थर, फ्यूजहोल्डरच्या स्प्रिंगला गंज, स्विचच्या आतल्या पात्यावर काळपट पुटे, व्हॉल्व्ह-सॉकेटच्या खोबणींत ऑक्साइड. व्हॉल्व्हच्या काचेला यातले काही होत नाही. आतली निर्वात पोकळी सीलबंद असते, खारा वारा तिथे पोचतच नाही. म्हणजे ज्या भागावर लोक पहिला संशय घेतात तोच इथे सर्वांत सुरक्षित, आणि ज्यांच्याकडे कुणी बघत नाही ते चार-पाच साधे सांधे सर्वांत जर्जर.

त्यात पुरवठ्याची भर. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळले, श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडकडे विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावे बरेच दिवस अंधारात राहिली. एवढे मोठे वादळ रोज येत नाही, पण माडाची झावळी तारेवर पडणे आणि न्यूट्रल तुटणे हे दर पावसाळ्यातले. न्यूट्रल तुटला की सिंगल फेजच्या घरात २३० व्होल्टऐवजी बरेच जास्त व्होल्ट येऊ शकतात, दोन फेजमधल्या ४०० व्होल्टच्या दिशेने. काही नव्या ॲम्पमध्ये अशा वेळी व्हॅरिस्टर नावाचा संरक्षक भाग स्वतः शॉर्ट होऊन फ्यूज उडवतो आणि बाकीचे वाचवतो. अमेरिकेतून आणलेला १२० व्होल्टचा ॲम्प थेट भिंतीत लावला तर वादळाचीही गरज नाही. म्हणून मागची पट्टी आणि व्होल्टेजचा खटका आधी पाहावा.

व्यवहारात क्रम असा बसतो. त्याच सॉकेटवर टेबललॅम्प लावून बघायचा, मग दुसरी चांगली कॉर्ड. त्यानंतर प्लग भिंतीतून काढून, ॲम्पचा स्विच चालू ठेवून, प्लगच्या फेज आणि न्यूट्रल पिनांमध्ये मीटरने रोध मोजायचा. ही एक मोजणी मला सगळ्यांत मोलाची वाटते, कारण पेटी न उघडता कॉर्ड, फ्यूज, स्विच आणि प्रायमरी हे चारही भाग तीत येतात. काही ओहम ते काही दशक ओहम आले तर मार्ग सलग आहे. आकडाच आला नाही तर चौघांपैकी कुणीतरी तुटलेले आहे. किनाऱ्यावर मात्र एक सावधगिरी. मीटरचा चिमूटभर प्रवाह गंजलेल्या सांध्यातूनही कसाबसा जातो आणि खरा भार आला की सांधा हात वर करतो. म्हणून हा निकाल अंतिम मानू नये.

खऱ्या भाराखाली तपासण्याचे हत्यार गावातल्या वायरमनकडे असतेच: सिरीज बोर्ड. शंभर वॅटचा पिवळा बल्ब ॲम्पच्या मालिकेत लावायचा. एलईडी इथे चालत नाही, आणि तारेचे बल्ब दुकानांतून कमी होत चालले आहेत, म्हणून एक जपून ठेवावा. व्हॉल्व्ह सगळे काढून, नवा फ्यूज घालून चालू केल्यावर बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ट्रान्सफॉर्मर बहुधा ठीक. भगभगीत राहिला तर शॉर्ट ट्रान्सफॉर्मरमध्ये, डायोडमध्ये किंवा फिल्टर कंडेन्सरमध्ये. मग रेक्टिफायर, मग पॉवर व्हॉल्व्ह, एकेक परत बसवायचा. ज्याच्या येण्याने बल्ब भगभगीत राहतो, तिथे बोट ठेवायचे. व्हॉल्व्हची पाळी अशी शेवटी येते, पण तेव्हा त्याच्यावरचा आरोप पुराव्यासह असतो.

कंडेन्सरचा उल्लेख आला म्हणून दुसरा आक्षेप. कुणी म्हणेल, पाचशे व्होल्टच्या यंत्राला गावच्या वायरमनने हात का लावावा? पेटी उघडण्याच्या टप्प्यावर हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. प्लग काढल्यावरही फिल्टर कंडेन्सरमध्ये जीव घेण्याइतका भार टिकू शकतो. रोध लावून तो उतरवणे आणि मीटरवर शून्याजवळ आल्याची खात्री करणे ज्याला ठाऊक नाही, त्याने आत हात घालू नये. पण सॉकेट, कॉर्ड, बाहेरून निघणारा फ्यूज आणि प्लगवरची मोजणी यांना पेटी उघडावी लागत नाही. एवढ्यात दोष सापडला तर जड पेटीची मुंबई-पुण्याची वारी टळते. डिजिटल यंत्र घेतले असते तर हे झालेच नसते, असे म्हणणाऱ्यांनीही खारी हवा आठवावी. त्या यंत्राचे सांधे तितकेच गंजतात, आणि त्याचा बोर्ड गेला की बदलण्यावाचून फारसा उपाय उरत नाही. व्हॉल्व्ह ॲम्पचा स्विच, फ्यूजहोल्डर, कॉर्ड ही बाजारात मिळणारी, सुटी करता येणारी वस्तू आहे.

शनिवार-रविवारच्या बंगल्यांत चार महिने झाकून ठेवलेला ॲम्प तर विशेष धोक्यात असतो. चालू ॲम्प स्वतःच्या उष्णतेने स्वतःला कोरडा ठेवतो. बंद ॲम्पमध्ये ओल मुरते आणि वर्षानुवर्षे न वापरलेल्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरचा आतला ऑक्साइडचा थर कमजोर होऊन पहिल्याच चालूला फ्यूज उडू शकतो. पावसाळ्यात आठवड्यातून तासभर तो चालवावा. फार दिवसांनी चालू करताना सिरीज बोर्डवरूनच करावा.

शेवटची तपासणी ॲम्प पुन्हा वाजू लागल्यावर करायची आहे, आणि ती टाळली जाते. गिटारच्या तारा पेटीच्या धातूला जोडलेल्या असतात, म्हणजे वादकाची बोटेही. ओल्या मिठाच्या थरातून गळणारी वीज पेटीत उतरली आणि अर्थिंग नसेल, तर ती त्या बोटांतून जाते. म्हणून प्लगची अर्थ पिन आणि पेटीचा उघडा धातू यांच्यातला रोध मीटरवर एक ओहमच्या आत यायला हवा. आणि भिंतीतल्या अर्थ भोकाचीही स्वतंत्र खात्री करायला हवी, कारण जमिनीत गाडलेली अर्थची पट्टीही याच खाऱ्या मातीत असते.